काचेच्या बशींतील मूळपेशी व जीवनसत्त्वें

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्या मेजापाशीं आला व त्यानें एक रिकामा डबा माझ्यापुढें ठेविला. डब्यावर सुंदर चित्र होतें आणि त्याखालीं असा मजकूर छापलेला होता कीं, आंतील जीवनसत्त्वांच्या चूर्णानें शरीरांतील ‘स्टेम सेल’ जागृत होतात, वृद्ध शरीर पुनः तरुण होतें, व हें प्रयोगशाळेंत सिद्ध झालें आहे. त्या मुलाची आजी दीर्घकाळ आजारी होती. तिच्यासाठीं त्याच्या वडिलांनीं तीन महिने असले डबे आणिले होते, आणि त्या खर्चापायीं घरांतील दूध व फळें बंद झालीं होतीं. मुलानें विचारलें, “सर, प्रयोगशाळेंत सिद्ध झालें आहे हें खरें काय?”

“होय” म्हणावें, तर डबा विकणाऱ्याची साक्ष दिल्यासारखें होणार होतें. “नाहीं” म्हणावें, तर तें सत्याला सोडून झालें असतें. कारण जीवनसत्त्वांचा मूळपेशींवर मोठा परिणाम होतो असें प्रयोगशाळेंत खरोखरच आढळलें आहे. अर्ध्या सत्याचें खंडन एका शब्दांत होत नाहीं. म्हणून मीं त्याच्यापाशीं थोडा अवधि मागितला. त्याला जें उत्तर दिलें, तेंच आपल्या शाळेच्या इतर विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें विस्तारानें देत आहें.

प्रथम मूळपेशी म्हणजे काय तें पाहूं. आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे, आणि त्यांतील पुष्कळशा पेशी अल्पायुषी असतात. रक्तांतील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही झीज भरून काढण्यासाठीं निरोगी मनुष्याच्या अस्थिमज्जेंत दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात. हें काम ज्या थोड्या पेशींवर सोंपविलेलें असतें, त्यांना मूळपेशी म्हणतात. मूळपेशींचे दोन गुण लक्षांत ठेवावे. ती दुभंगून आपल्यासारखीच दुसरी मूळपेशी निर्माण करूं शकते. आणि तिची संतति विशेष कामाची पेशीहि होऊं शकते. बियाण्याचें धान्य राखून ठेवून उरलेलें दळावयास काढणाऱ्या शहाण्या शेतकऱ्यासारखें तिचें वर्तन असतें.

रक्ताच्या मूळपेशी आहेत, हें १९६१ साली कॅनडांतील टोरांटो येथें टिल व मक्युलक या शास्त्रज्ञांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. १९८१ साली उंदराच्या कोवळ्या गर्भांतून काढलेल्या मूळपेशी बशींत वाढवितां आल्या. १९९८ साली अमेरिकेंत जेम्स टॉमसन यांनीं मनुष्याच्या गर्भपेशींविषयीं तेंच साधलें. पुढें २००६ साली जपानांतील क्योटो येथें शिन्या यामानाका यांनीं एक अपूर्व गोष्ट केली. उंदराच्या त्वचेंतील साध्या पेशींत त्यांनीं चार जनुकें घातलीं, आणि त्यांतील कांहीं पेशी गर्भावस्थेंतील मूळपेशींसारख्या झाल्या. दुसऱ्याच वर्षीं मनुष्याच्या पेशींतहि हें घडून आलें. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्यांच्या पद्धतींत एक उणीव होती. शंभर पेशींवर प्रयोग करावा, तर त्यांतील एकहि पालटत नसे. हजारोंतून थोड्याच पालटत. ही उणीव कशी भरून काढावी, या शोधांत जीवनसत्त्वांचा प्रवेश झाला.

आतां जीवनसत्त्वांकडे वळूं. १७४७ साली ‘सॉल्झबरी’ नांवाच्या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड नांवाचा वैद्य होता. खलाशांना स्कर्व्ही होऊन त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत असे, जुन्या जखमा पुनः उघडत व पुष्कळ मरत. लिंडनें बारा रोगी निवडले, त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. ज्या दोघांना नारिंगें व लिंबें मिळालीं, ते थोड्याच दिवसांत उठून बसले. फळांतील तें द्रव्य म्हणजे आपलें ‘क’ जीवनसत्त्व. तें ओळखण्याच्या कामगिरीबद्दल हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

जीवनसत्त्व म्हणजे शक्ति देणारें टॉनिक, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. भाकरीपासून मिळते तशी शक्ति जीवनसत्त्वापासून मिळत नाहीं. पेशींत विकरें म्हणजे एन्झाइमें नांवाचे कामकरी असतात, आणि जीवनसत्त्व हें बहुधा त्यांचें साहाय्यक असतें. कित्येक विकरांच्या ठायीं लोहाचा एक अणु असतो. काम करतांना त्या लोहानें एक इलेक्ट्रॉन गमावला, तर तें विकर निरुपयोगी होऊन बसतें. ‘क’ जीवनसत्त्व त्याला तो इलेक्ट्रॉन परत देतें. धार गेलेल्या कोयत्याला पुनः धार लावावी, तसेंच हें आहे. आपली त्वचा, हिरड्या व शिरांच्या भिंती बळकट ठेवणारें कोलॅजन नांवाचें द्रव्य घडविण्याचें काम असल्याच लोहयुक्त विकरांकडे असतें. ‘क’ जीवनसत्त्व संपलें कीं तीं विकरें थांबतात, कोलॅजन कच्चें राहतें, आणि स्कर्व्ही उद्भवतो.

हें इलेक्ट्रॉनदान विद्यार्थ्यांना घरींहि पाहतां येईल. भाताच्या निवळ पेजेंत टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकावा; पेज निळी-काळी होईल. तींत ताज्या लिंबाचा रस थेंब थेंब पिळावा. रंग नाहींसा होईल. दुसऱ्या वाटींत लिंबाऐवजीं व्हिनिगर घालावें. रंग तसाच राहील. अर्थात् हें काम आंबटपणाचें नव्हे. लिंबांतील ‘क’ जीवनसत्त्वानें आयोडिनला इलेक्ट्रॉन दिले, म्हणून रंग गेला. हा प्रयोग वडील माणसांच्या देखरेखीखालीं करावा आणि पेज नंतर फेंकून द्यावी. आयोडिन पोटांत जाऊं देऊं नये.

बशींत वाढणाऱ्या पेशींना अन्न कोण देतें? तें शास्त्रज्ञांनाच घालावें लागतें. साखर, क्षार, अमिनो आम्लें व जीवनसत्त्वें पाण्यांत विरघळवून जो द्रव करितात, त्याला संवर्धनद्रव म्हणतात. अमेरिकेंतील हॅरी ईगल यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मोठ्या चिकाटीनें एकेक पदार्थ वगळून पाहिला आणि पेशींना निदान काय काय लागतें तें ठरविलें. १९५९ सालच्या त्यांच्या द्रवांत जीवनसत्त्वांच्या वर्गांतील आठ द्रव्यें होतीं. ‘क’ जीवनसत्त्व मात्र नव्हतें. त्यावांचूनहि पेशी जगत व दुभंगत, म्हणून त्याची उणीव भासली नाहीं. शिवाय तें ऊबदार द्रवांत फार काळ टिकत नाहीं; तासांच्या हिशेबानें नाश पावतें. परिणामीं जगांतील असंख्य बशींतील पेशी, लिंडच्या खलाशांप्रमाणें, ‘क’ जीवनसत्त्वावांचून प्रवास करीत होत्या. उंदराचें यकृत हें जीवनसत्त्व स्वतः बनवितें. परंतु बशींतील उंदराच्या मूळपेशीला यकृत कोठून असणार?

२०१० साली चीनमधील ग्वांगचौ येथील डुआनचिंग पेइ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. यामानाका यांच्या पद्धतीनें पेशी पालटीत असतां त्यांनीं संवर्धनद्रवांत ‘क’ जीवनसत्त्व घातलें. तेव्हां उंदराच्या व मनुष्याच्याहि पेशींतून मूळपेशी पूर्वीपेक्षां लवकर व कितीतरी अधिक संख्येनें मिळूं लागल्या. पालट होत असतांना पुष्कळ पेशी अकालीं वृद्ध होऊन थांबतात. तें थांबणेंहि कमी झालें. पेशींना गंजण्यापासून वांचविणारीं दुसरीं द्रव्यें त्यांनीं घालून पाहिलीं, परंतु तितका गुण आला नाहीं. तेव्हां ‘क’ जीवनसत्त्व केवळ रक्षक म्हणून काम करीत नसून त्याचें कांहीं विशेष कार्य असलें पाहिजे, हें उघड झालें.

तें कार्य समजण्यासाठीं एक दृष्टान्त घेऊं. आपल्या प्रत्येक पेशींत डीएनए-रूपी तोच ग्रंथ असतो; डोळ्याच्या पेशींत निराळा व यकृताच्या पेशींत निराळा असें नाहीं. मग त्यांचीं कामें भिन्न कां? कारण प्रत्येक पेशीनें आपल्या ग्रंथांतील न वाचावयाच्या भागांवर पेन्सिलीच्या खुणा करून ठेविलेल्या असतात. मेथिल नांवाचा लहानसा रासायनिक गट ही त्यांतील एक खूण. त्वचेच्या पेशीला मूळपेशी व्हावयाचें असेल, तर या खुणा पुसल्या गेल्या पाहिजेत. त्या पुसण्याच्या कामाला आरंभ करणाऱ्या विकरांना ‘टेट’ म्हणतात. आणि टेट विकरें लोहयुक्तच असतात! २०१३ साली अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें मिगेल रामाल्यो-सांतोस यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, उंदराच्या गर्भीय मूळपेशींना ‘क’ जीवनसत्त्व दिलें असतां टेट विकरें जोमानें कामाला लागतात व डीएनएवरील पुष्कळ मेथिल-खुणा नाहींशा होतात.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. खलाशाच्या हिरड्या सांधणें आणि पेशीच्या ग्रंथांतील खुणा पुसणें हीं दोन कामें बाह्यतः किती भिन्न! परंतु दोहोंच्या मुळाशीं लोहाला इलेक्ट्रॉन परत देण्याची एकच साधी क्रिया आहे. निर्मात्यानें एकच किल्ली इतक्या भिन्न दारांना लाविली आहे, हें पाहून अभ्यासकाचें मस्तक नम्र झाल्यावांचून राहत नाहीं.

२०११ साली टॉमसन यांच्या प्रयोगशाळेनें मनुष्याच्या मूळपेशींसाठीं केवळ आठ घटकांचा एक सुटसुटीत संवर्धनद्रव सिद्ध केला. त्या आठांत ‘क’ जीवनसत्त्वाला मानाचें स्थान मिळालें. तें टिकावें म्हणून फॉस्फेटशीं जोडलेलें त्याचें रूप वापरतात.

येथपर्यंतची हकीगत वाचून डबा विकणारा म्हणेल, “पाहा, मी खरेंच सांगत होतों!” म्हणून पुढील हकीगत अधिक लक्षपूर्वक वाचावी.

२०१७ साली अमेरिकेंतील टेक्सास येथें शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेनें जिवंत शरीरांतील रक्ताच्या मूळपेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनुष्याप्रमाणेंच ‘क’ जीवनसत्त्व बनवूं न शकणारे उंदीर त्यांनीं घेतले होते. प्रथम असें दिसलें कीं, रक्ताच्या मूळपेशी हें जीवनसत्त्व स्वतःत विशेष प्रमाणांत सांठवितात. मग त्यांनीं उंदरांच्या आहारांतून तें कमी केलें. काय झालें असेल? मूळपेशी कमी झाल्या नाहींत, उलट वाढल्या! परंतु ही वाढ सुखाची नव्हती. टेट विकराचें काम मंदावल्यामुळें पेशींचा संयम सुटला होता. आणि ज्या उंदरांत कर्करोगाकडे नेणारा एक जनुकदोष आधींच होता, त्यांच्यांत रक्ताचा कर्करोग अधिक वेगानें वाढला. आहारांत जीवनसत्त्व परत दिल्यावर तो वेग आटोक्यांत आला. यावरून दोन गोष्टी शिकाव्या. मूळपेशींची संख्या वाढणें म्हणजे आरोग्य वाढणें नव्हे. दुसरी गोष्ट अशी कीं, येथें हानि झाली ती उणिवेमुळें, आणि गुण आला तो उणीव भरून काढल्यानें. पुरेशाहून अधिक दिल्यानें तारुण्य येतें, असें या प्रयोगांत कोठेंहि नाहीं.

‘अ’ जीवनसत्त्वाची तऱ्हा याहून निराळी आहे. त्यापासून शरीरांत रेटिनॉइक आम्ल तयार होतें, आणि तें बशींतील गर्भीय मूळपेशींना दिलें असतां त्या आपलें मूळपण सोडून मज्जापेशी इत्यादि विशेष पेशी होऊं लागतात. म्हणजे कोणतें जीवनसत्त्व, किती व केव्हां, यावर परिणामाची दिशाच पालटते. याच ज्ञानाचा एक मोठा उपयोग शांघाय येथें वांग झेन्यी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारांत पेशी अर्ध्या वाढीवरच अडून बसतात. १९८८ साली त्यांनीं अशा २४ रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं २३ जणांची प्रकृति एकट्या रेटिनॉइक आम्लानें रोगचिन्हें लोपण्याइतकी सुधारली होती. पुढें त्याला आर्सेनिकच्या औषधाची जोड मिळाली, आणि पूर्वीं अत्यंत घातक असलेला हा रोग आज बहुतेक रोग्यांत बरा होतो. परंतु हें औषध रुग्णालयांत, वैद्यांच्या डोळ्यांदेखत देतात. गरोदरपणीं ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला, तर तेंच द्रव्य गर्भांतील बालकाला व्यंग आणूं शकतें.

या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका घोर रक्तक्षयाचा त्यांनीं अभ्यास केला, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें तो बरा होतो असें १९३१ साली प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य तें फॉलिक आम्ल. अस्थिमज्जेंतील मूळपेशींच्या संततीला नवा डीएनए घडविण्यासाठीं तें लागतें; तें नसलें कीं पेशी फुगतात, पण नीट दुभंगत नाहींत. त्याच्या कृत्रिम निर्मितीच्या कार्यांत आपल्या आंध्र देशाचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांचा १९४० नंतरच्या वर्षांत मोठा वांटा होता. ईगल यांच्या आठ द्रव्यांतहि तें आहे. विल्सबाईंनीं कोणाला चिरतारुण्य विकलें नाहीं. कोणत्या स्त्रियांच्या अन्नांत काय उणें आहे तें त्यांनीं शोधिलें, आणि तेवढेंच भरून दिलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. बशींत जें घडतें, तें चूर्ण खाल्ल्यानें शरीरांत कां घडणार नाहीं?

पहिलें कारण असें कीं, बशींतील पेशी त्या जीवनसत्त्वाच्या बाबतींत उपाशी होत्या. उपाशी मनुष्याला भाकरी दिल्यानें होणारा लाभ जेवून उठलेल्याला होत नाहीं.

दुसरें कारण, त्वचेच्या पेशी मूळपेशी झाल्या त्या मुख्यतः चार जनुकें घातल्यामुळें. जीवनसत्त्व हें केवळ साहाय्यक होतें. आणि खऱ्या शरीरांत साध्या पेशी अशा पालटूं लागल्या, तर तें तारुण्य न ठरतां संकटच ठरेल. उंदरांत असा प्रयोग केल्यावर त्यांच्या शरीरांत गांठी उठल्या आहेत.

तिसरें कारण, बशीला आंतडें नाहीं व मूत्रपिंडहि नाहीं. आपल्या शरीरांत ‘क’ जीवनसत्त्व दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक घेतलें, तर रक्तांतील प्रमाण फारसें वाढत नाहीं. पुष्कळसें लघवीवाटे निघून जातें. भारतीय प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरेसें मानितात. पेरूच्या १०० ग्रॅम गरांत सुमारे २०० मिलिग्रॅम असतें. म्हणजे एक पेरू खाणारा मनुष्य आपल्या मूळपेशींची दिवसाची गरज भागवून वर उरवितो. आंवळा तर याहूनहि समृद्ध आहे.

चौथें कारण, अति सर्वत्र वर्ज्य. दिवसाला दोन ग्रॅमपेक्षां अधिक ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना जुलाब होऊं शकतात, व कांहींना मूतखड्याचा धोका वाढतो. ‘अ’ व ‘ड’ हीं जीवनसत्त्वें तर शरीरांत सांठून राहतात. त्यांचा अतिरेक अधिक वाईट.

पालकांनीं यावरून सर्वच गोळ्या व्यर्थ असा अर्थ मात्र काढूं नये. गर्भधारणेपूर्वीं व गरोदरपणाच्या आरंभीं फॉलिक आम्ल घेतल्यानें बालकाच्या पाठीच्या कण्याचीं व मेंदूचीं कांहीं व्यंगें टळतात, हें १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणीनें सिद्ध केलें आहे. शाळेंत किंवा दवाखान्यांत बालकांना वयाप्रमाणें जें जीवनसत्त्व देतात, त्यालाहि सबळ कारण आहे. ज्याच्या अंगीं उणीव आहे त्याला वैद्यानें दिलेली गोळी हें औषधच होय. फरक इतकाच कीं, वैद्य आधीं उणीव शोधितो व मग औषध देतो. डबा विकणारा उणीव न पाहतांच आशा विकतो.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला मीं असें उत्तर दिलें: “बाळ, डब्यावरील शब्दांत ‘प्रयोगशाळेंत’ एवढा शब्द खरा आहे. परंतु प्रयोगशाळेंतील बशी म्हणजे तुझी आजी नव्हे. ‘सिद्ध झालें’ असें कोणी म्हटलें, तर तीन प्रश्न विचारीत जा. कोणावर सिद्ध झालें, पेशींवर, उंदरांवर कीं माणसांवर? किती मात्रेनें? आणि कशाशीं तुलना करून?” लिंडनें बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या, त्या हाच तिसरा प्रश्न विचारण्यासाठीं.

पुढें त्याचे वडील मला भेटावयास आले. ते रागावले नव्हते, लाजले होते. मीं त्यांना म्हटलें कीं, आईसाठीं जें शक्य तें करावें असें वाटणें यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लाज वाटावी ती त्या मायेचा पैसा करणाऱ्याला. डॉक्टरांचीं औषधें चालू ठेवावीं व चूर्णाविषयीं त्यांनाच विचारावें, असें आमचें ठरलें. डॉक्टरांनीं चूर्ण थांबविलें. त्यामुळें आजीबाईंचा आजार बरा झाला असें नव्हे. तो जुना आहे आणि आहेच. परंतु घरांत दूध पुनः सुरू झालें, आणि हिवाळ्यांत मुलानें मला सांगितलें कीं, आजीला पेरू चावत नाहीं, म्हणून तो त्याचा गर बिया काढून, बारीक कुसकरून तिला भरवीत असतो.

विचारार्थ प्रश्न

१. बशींतील पेशींची तुलना लिंडच्या खलाशांशीं कोणत्या अर्थानें केली आहे?

२. हिरड्या व डीएनए या दोहोंच्या बाबतींत ‘क’ जीवनसत्त्वाचें काम एकच कसें?

३. आपल्या घरीं आलेल्या एखाद्या टॉनिकवरील मजकूर वाचून वरील तीन प्रश्न त्याला लावा, व उत्तरें वडील माणसांना वाचून दाखवा.